सालदार जिंकलाच नव्हता, गुलाब

गुलाब,

सगळ्यात आधी तक्रार. चौकात तुझा जो फ्लेक्स लावलाय ना, त्यावरचा फोटो चुकलाय. कोणीतरी आधार कार्डावरचा घेऊन मोठा केलाय. समोरच्यानं तुझं वांग्यांचं कॅरेट परस्पर उचलून नेलंय आणि तू ते बघतोयस, असा चेहरा आलाय. आणि खाली ठळक अक्षरांत, 'शांत व संयमी व्यक्तिमत्त्व हरपले'. मी स्कूटर थांबवून दोनदा वाचलं आणि भर चौकात हसायला लागलो. ऑटोवाले बघत राहिले. पंचानं एक बॉल बाहेर दिला म्हणून हातातला मोबाइल विहिरीत भिरकावणारा माणूस तू, आणि म्हणे संयमी! तो मोबाइल माझा होता, हेही फ्लेक्सवर लिहायला हवं होतं.

आज तुझी तेरवी झाली. तुझ्याच मळ्यात, विहिरीजवळ मांडव घातला होता. आलू-वांग्याची भाजी होती, पण वांगी बाजारातली. पहिल्याच घासाला कळलं मला. दुसरा माल होता, गुलाब. तू असतास तर आचाऱ्याला उभं-आडवं घेतलं असतंस.

मांडवात तुझ्या सासरकडच्या एका पाहुण्यानं मला गाठलं. "मास्तर, आमचे जावई मोबाइलवर काहीतरी लिवत राहत म्हणते. काय होतं थे?" मी म्हटलं, टेनिसवर लिहायचा. "म्हणजे खेळत होते का?" नाही. "मंग शिकवत होते?" तेही नाही. मी त्यांना समजावून सांगितलं, की आम्ही दोघांनी जन्मात रॅकेट हातात धरली नाही. तो वाशीमच्या वेशीबाहेर भाजी पिकवायचा, मी शाळेत भूगोल शिकवायचो, आणि आम्ही दोघं मिळून जगातल्या मोठमोठ्या टेनिसपटूंची थट्टा करणारी एक वेबसाइट चालवायचो. पाहुण्यानं बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "पन काहून?" याचं उत्तर द्यायचं काम तुझं. तू दिलं असतंस.

सुरुवात आठवते ना? आपण माझ्या घरी क्रिकेटची मॅच बघायला बसलो होतो, तिकडे पाऊस आला, आणि चॅनल फिरवता फिरवता टेनिस लागलं. तू दहा मिनिटं गप्प बसलास. एवढा वेळ तुला गप्प मी शाळेतही बघितलं नव्हतं, आणि आपण पाचवीपासून एका बाकावर होतो. मग म्हणालास, "अबे मास्तर, हा दर बॉलाले काहून कण्हून राह्यला? पोट दुखून राह्यलं का याचं?" तो खेळाडू दर बॉलानंतर टॉवेल मागत होता, पाण्याच्या बाटल्या एका रेषेत मांडत होता, आणि जरा मनाविरुद्ध झालं की तोंड पाडत होता. "हा तं जावई हाये, बे," तू म्हणालास. "पयल्या दिवाळीले आलेला." तेव्हापासून जगातला एक नंबरचा तो खेळाडू आपल्यासाठी जावईबापू झाला. त्याचं खरं नाव मला आजही चटकन आठवत नाही.

मग तू सगळ्यांची बारशी उरकलीस. पंचाशी हुज्जत घालणारा तो सरपंच. हरल्यावर समोरचीला मिठी मारणारी आणि पत्रकारांसमोर तिचीच उणीदुणी काढणारी ती जाऊबाई. मी साइटचं नाव सुचवलं, 'टेनिसविश्व'. तू म्हणालास, "मंग वाचनार कोन? तू अन् तुया नकाशा?" शेवटी तुझंच नाव लागलं, 'आउट नोता ना बे'. मुख्याध्यापकांनी मला विचारलं होतं, काय करता मास्तर सुट्टीत? मला ते नाव त्यांच्यासमोर उच्चारायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, वाचन.

भाषेवरून तर आपण कितीदा भांडलो. मी लिहायचो, 'वेगवान सर्व्हिसच्या बळावर त्याने सामन्यावर वर्चस्व राखले'. तू त्याच मॅचवर लिहायचास, 'बॉल येवढ्या जोरात आला का समोरच्यानं हात जोडून त्याले जाऊ देल्लं'. मी तुझं शुद्ध करायचो, तू ते परत अशुद्ध करायचास. वाचक कोणासाठी येतात हे आपल्या दोघांनाही दिसत होतं. माझ्या लेखाखाली 'छान माहिती' एवढंच लिहिलेलं असायचं, आणि तुझ्या लेखाखाली लोक एकमेकांशी भांडायचे, हसायचे, घरच्यांना वाचून दाखवल्याचं सांगायचे. मला हेवा वाटायचा. आज सांगतोय, कारण आता तू त्याचा फायदा घेऊ शकत नाहीस.

आणि 'आजचा माल'! हे सदर तुझ्याशिवाय कोणाच्या डोक्यात आलं असतं? तोडलेल्या भाजीचे तू तीन ढीग करायचास. पहिला माल बाजाराला, दुसरा घरी आणि शेजारीपाजारी, आणि किडका-वाकडा ढोरांपुढे. एका रविवारी भेंडी निवडता निवडता तू खेळाडूच निवडायला लागलास. "जावईबापू, पयला माल. सरपंच, दुसरा. जाऊबाई या हप्त्यात ढोरायपुढं." मी बांधावर बसून लिहून घेतलं. नियम एकच, आणि तोही तूच केलेला: साइटवर चारचौघांत दिलेला शब्द ज्याचा खोटा ठरेल, त्याचं स्वतःचं नाव त्या हप्त्यात ढोरांपुढे. जावईबापू फायनल हरणार असं तू छातीठोक लिहिलंस आणि तो जिंकला, तेव्हा तू बिनतक्रार स्वतःला ढोरांपुढे टाकलंस. वर म्हशीच्या गळ्यात हात घालून काढलेला फोटोही लावलास. काय हसतोयस त्यात! फ्लेक्सला तो फोटो घ्यायला पाहिजे होता.

पण तुझा खरा जीव सालदारावर. तो कोर्टाच्या मागच्या रेषेवर दिवसभर इकडून तिकडे पळायचा, येईल तो बॉल मुकाट्यानं परत करायचा, तक्रार नाही, टॉवेल नाही, आणि शेवटी कप दुसराच कोणीतरी घेऊन जायचा. "वर्षभर राबते हा, अन् पीक मालकाच्या घरात," असं म्हणून तूच त्याला सालगड्याचं ते नाव दिलंस. मोठ्या स्पर्धेत तो क्वार्टरफायनलच्या पुढे कधी गेला नाही. तरी तू त्याला एकदाही ढोरांपुढे टाकलं नाहीस. हरला तरी पहिला माल. मी म्हणायचो, हा सरळसरळ पक्षपात आहे. तू म्हणायचास, "हाये."

आता आपल्या भांडणाकडे येतो.

तो जानेवारीतला दिवस. मेलबर्नला सालदाराची क्वार्टरफायनल होती. तिकडे दिवे लागले होते, आपल्याकडे दुपार. मी इंझोरीला बहिणीकडे होतो, भाचीच्या साक्षगंधाला. तू विहिरीजवळ बाजेवर मोबाइल घेऊन बसला होतास. पाचवा सेट, सालदार पाच-तीननं पुढे, सर्व्हिस त्याची, फोर्टी-फिफ्टीन. एक पॉइंट मिळाला की मॅच खिशात, आणि त्यासाठी दोन संधी. तेवढ्यात मोबाइल बंद पडला. मळ्यात लाइन सकाळपासून नव्हतीच. तू मोटारसायकलला किक मारलीस आणि थेट रेल्वे स्टेशन गाठलंस. तिथे मोबाइल चार्जिंगला लावला, बाकड्यावर बसून लेख लिहिला, 'सालदार जिकला', पाचवा सेट सहा-तीन, आणि दिला टाकून. येताना पेढे घेऊन आलास आणि अख्ख्या गल्लीत वाटलेस.

स्कोअर बघायला अर्धं मिनिट लागलं असतं, गुलाब. अर्धं मिनिट. मी नंतर विचारलं तर तू म्हणालास, "पायाचं काय त्याच्यात? फोर्टी-फिफ्टीन होता. इतून माही म्हैस बी जिकली असती."

म्हैस जिंकली असती. सालदार नाही जिंकला. ते दोन्ही पॉइंट त्यानं घालवले, मग तो गेम, मग पुढचे तीन. पाच-सात. साऱ्या जगात तो हरला आणि एकट्या आपल्या साइटवर जिंकला.

मी इंझोरीहून परत आलो आणि निकाल दुरुस्त केला. तासाभरात तू परत जिंकवलास. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन मी हरवला, तर चहा होईपर्यंत तू परत जिंकवलास. मला नवल वाटायचं, की हा माणूस भेंडी तोडतो कधी आणि साइट बघतो कधी. त्या हप्त्यात सालदार पाच वेळा हरला आणि सहा वेळा जिंकला. शेवटी मी चिडून लेखाच्या खाली लिहिलं, 'हा निकाल चुकीचा आहे. मास्तर.' खाली तुझं उत्तर, 'माया तेरवीले कर दुरुस्त.' मी लिहिलं, 'नक्की करणार. लिहून ठेव.' तू लिहिलंस, 'लिवलं.'

ते सगळं अजून तिथे आहे. नंतरची कितीतरी वर्षं हे भांडण आपण जपलं. मी म्हणायचो, चुकीची माहिती ठेवणं बरोबर नाही, मी शिक्षक आहे. तू म्हणायचास, "मंग शाळेत दुरुस्त कर." मी निवृत्त झालो तेव्हा म्हणालास, "आता तं शाळा बी नाई. आता काय करशीन?" हसत म्हणालास, पण माझ्या तेव्हाच्या दिवसांबद्दल तुला सगळं कळत होतं. सकाळी उठून जायला जागा नव्हती. मी घरातल्या घरात चिडका होत चाललो होतो. तेव्हा तू रोज सकाळी फोन करायला लागलास. नमस्कार नाही, कसा आहेस नाही, एकदम, "मास्तर, आज ढोरायपुढं कोन?" मग मला पेपर काढावा लागायचा, मॅच बघावी लागायची, तुझ्याशी वाद घालावा लागायचा. त्या फोननं मला माणसात ठेवलं. तुझे आभार मानायचे राहून गेले. खरं म्हणजे राहून गेले नाहीत, मला लाज वाटायची. तू थट्टा केली असतीस आणि पुढच्या रविवारी ती छापली असतीस.

आज पंगत उठत आली तेव्हा शोभावहिनींनी मला बाजूला बोलावलं आणि तुझी ती मच्छर मारायची बॅट हातात दिली. तीच, जिनं तू मला बॅकहँड शिकवायचास, आणि एकदा बटन चालू ठेवून माझ्या कोपराला लावलीस. "तुमीच न्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "मले हे दिसली का हसू येते, अन् मंग हसू थांबतच नाई, रडूच येते." आम्ही दोघं थोडं हसलो आणि थोडं रडलो. मग मी त्यांना सांगितलं, की आज संध्याकाळी मी तो निकाल दुरुस्त करणार आहे, शब्द दिलाय. वहिनी म्हणाल्या, "करा ना. यायनं मले सांगून ठेवलं होतं, मास्तर माया तेरवीले जेवाले कमी अन् सालदाराले हरवाले जास्त येईन म्हणे."

मी बॅट घेऊन निघालोच होतो, तर एक माणूस आडवा आला. पन्नाशीचा, रापलेला, हातात पिशवी. "तुमी मास्तर ना? मी प्रेमसिंग. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आलो."

नाव मी लगेच ओळखलं. आपल्या प्रत्येक लेखाखाली 'सालदाराचं काय झालं?' एवढंच विचारणारा प्रेमसिंग. तो दर हंगामात बायकामुलांसह ऊसतोडीला जातो, हे मला ठाऊक नव्हतं. तुला होतं. संध्याकाळी खोपीवर आले की तो आपले लेख टोळीला मोठ्यानं वाचून दाखवायचा, हेही तुला होतं.

"त्या दिवशी मी वाचलं का सालदार जिकला," तो सांगायला लागला. "आमच्या टोळीत असा आनंद झाला मास्तर, का काय सांगू. बायायनं चुलीवर शिरा मांडला. तेवढ्यात मुकादमानं त्याच्या मोबाइलवर पायलं, तं म्हणे थो हरला. मंग मी गुलाबभाऊले फोन लावला. साइटीवर त्यायचा नंबर होता ना, भेंडी पायजे असन तं."

"मग?"

"म्हटलं भाऊ, तुमी तं जिकला लिवलं, अन् इकडं शिरा मांडला. अन् मुकादम म्हणते थो हरला. त्यायले बी तवाच समजलं असन. मंग म्हणे, रवा भाजून झाला का? म्हटलं झाला, साखर टाकून राह्यल्या. म्हणे, मंग टाकू द्या. पोटभर खा सगळे. माया साइटीवर थो जिकला हाये अन् जिकलेलाच राहीन. कोनी बदलवलं तं मले सांगजा." प्रेमसिंग थांबला, जरा संकोचला. "तुमी बदलवत होते ना मास्तर, तवा मीच फोन करत होतो त्यायले."

म्हणजे माझ्या प्रत्येक दुरुस्तीची खबर तुला उसाच्या फडातून मिळत होती! मी इतकी वर्षं समजत होतो, की तू हट्टी आहेस. तू हट्टी होतासच, पण हे वेगळं होतं.

मी प्रेमसिंगला विचारलं, तुम्हा सगळ्यांना तर खरं माहीत होतं, मग निकाल बदलला असता तर काय बिघडलं असतं? तो म्हणाला, "बिघडलं तं काहीच नसतं. पन सालदार रोजच हरते ना, मास्तर. आमच्या टोळीत अजून बी म्हणते, शिऱ्याच्या दिवशी जिकला होता."

त्यानं पिशवीतून डबा काढला. घरून शिरा करून आणला होता. तेरवीला आणतात का असं काही, म्हणून दिवसभर संकोचून तसाच ठेवला होता. वहिनींनी तो डबा त्याच्या हातातून घेतला, तुझ्या फोटोपुढे ठेवला, आणि मग आम्ही तिघांनी विहिरीच्या कठड्यावर बसून खाल्ला. पहिला माल होता, गुलाब.

तू मला का नाही सांगितलंस? एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी परत हात लावला नसता. कदाचित म्हणूनच नाही सांगितलंस. मी गप्प बसलो असतो, भांडण मिटलं असतं, आणि आपल्याकडे सकाळच्या फोनवर बोलायला एक विषय कमी झाला असता. की तुझ्या हातून झालेलं चांगलं काम कोणाला कळलं तर तुला लाज वाटायची, मला वाटायची तशी? हे आता विचारता येत नाही आणि त्याचा मला राग येतोय. तुझ्यावरच येतोय. शब्द देऊन मला अडकवलंस आणि निघून गेलास.

घरी आलो आणि कॉम्प्युटर उघडला. तुझा लेख समोर आहे. बरोबर सहा-तीनच्या आकड्यावर येऊन मी थांबलोय. चाळीस वर्षं मी मुलांच्या वह्यांमधली एकही चूक सोडली नाही. नकाशात नदी बोटभर इकडे-तिकडे झाली तरी मी पान परत काढायला लावलं. आणि ही चूक तर मला तारीख-वारासकट पाठ आहे. मी ती पुसली, पाच-सात लिहिलं, बघितलं, आणि परत सहा-तीन केलं. या वेळी तू नव्हतास. प्रेमसिंगचा फोनही कोणाला गेला नाही. सालदाराला मीच जिंकवलं.

लेख होता तसा ठेवून मी बंद केला. पण शब्द तर शब्द आहे, आणि नियम तुझाच आहे. सगळ्यांसमोर लिहून दिलं होतं, तेरवीला दुरुस्त करीन, आणि केलं नाही. म्हणून रविवार नसतानाही आज 'आजचा माल' टाकलाय. तुझ्या भाषेत लिहिलाय, शुद्ध न करता.

पयला माल: सालदार, अन् प्रेमसिंगच्या घरचा शिरा.
दुसरा माल: तेरवीचे वांगे, अन् चौकातला फ्लेक्स.
ढोरायपुढं: मास्तर.

फोटोशिवाय चालणार नाही, तो पायंडाही तूच पाडलेला. वहिनींना आत्ताच फोन केला, की उद्या सकाळी मळ्यात येतो, म्हशीसोबत फोटो काढायचाय, पण मला म्हशीची भीती वाटते. त्या म्हणाल्या, "या ना भाऊजी. म्हैस मी धरते. तुमी फक्त त्यायच्यासारखं हसा."